गाठ पडणारच की!

शनिवारी सकाळी सहाला गुंजवण्यातून राजगड चढायला घ्या, चोर दरवाजातून पद्मावती माची गाठून मुक्काम करा आणि रविवारी सहालाच त्याच वाटेनं उतरा. चढताना कितीही दम खा, उतरताना कितीही पळा. वाटेवर एक जागा अशी असतेच, जिथं दोन्ही दिवशी तुम्ही घड्याळाच्या नेमक्या एकाच वेळी होता. वेल्ह्याचा गुराखी म्हणेल, दोन्ही दिवस एकच समजा, एक वर निघाला, दुसरा खाली, वाट एकच, मग गाठ पडणारच की! टीवायबीएस्सीच्या गणितात मात्र हा ‘की’ चालत नाही, तो सिद्ध करावा लागतो. गणितज्ञ बोल्झानोनं १८१७ साली तेच केलं. पण ती सिद्धता ज्यावर उभी आहे, ते म्हणजे संख्यारेषेला मध्ये कुठं भोक नाही, हे दुसरा गणितज्ञ डेडेकिंडनं नीट मांडायला १८७२ उजाडलं. बारावीपर्यंत उत्तरावर मार्क मिळवलेली भोरची हुशार पोरंही इथं अडखळतात. त्यात लाज नाही. जमलं तर एसटीनं पुण्याला जावं, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापलेली गणिताची संस्था, भास्कराचार्य प्रतिष्ठान, पाहावी. त्याआधी एकदा राजगड चढावा, वही घेऊन.