परवाना दुकानाचा की औषधाचा?

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, तेव्हापासून कृष्णाकाठच्या ह्या मुलखात वैद्यकाला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्यात डॉक्टरच्या निदानाइतकाच, पडद्याआड उभे राहून औषध कालवणाऱ्या कंपाउंडरच्या हाताचाही वाटा होता. चिठ्ठी वाचावी, द्रव्ये मोजावीत, मिक्स्चर बाटलीत भरावे आणि मात्रा निरक्षरालाही उमगावी म्हणून कातरलेली कागदी पट्टी बाटलीवर डकवावी, हा त्याचा नित्यक्रम. १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमाने ह्या कामाला बंधन आणि मान दोन्ही दिले: डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषध तयार करणे, मिसळणे वा देणे हे केवळ नोंदणीकृत फार्मासिस्टाचे काम ठरले.

आज ह्या अधिकाराची आठवण निघते ती वजन उतरवणाऱ्या सुईच्या निमित्ताने. मार्च २०२५मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध 'माउंजारो' ह्या नावाने भारतात आले, तेव्हा त्याची अडीच मिलिग्रॅमची कुपी साडेतीन हजार रुपयांना होती आणि सुई दर आठवड्याला घ्यायची असल्याने महिन्याचा खर्च चौदा हजारांवर जात होता. साहजिकच, ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत आहेत अशा सांगलीच्या घरांतून एक सवाल कानी येऊ लागला, की तिकडे परवानाधारक फार्मसी हेच औषध स्वतः बनवून स्वस्तात देते, मग आपल्याकडे तशी तजवीज का नसावी?

सवाल रास्त आहे, परंतु त्यात परवान्याचा अर्थ चुकला आहे. अमेरिकेत फार्मसीने बनवलेल्या नकलांना जी मुभा होती ती मुख्यतः तुटवड्यापुरती होती. टिर्झेपाटाइडचा तुटवडा डिसेंबर २०२४मध्ये आणि त्याच जातीच्या सेमाग्लुटाइड ह्या औषधाचा फेब्रुवारी २०२५मध्ये संपल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले आणि ती मुभाही आटोपली. ती चालू असतानादेखील दुकानाचा परवाना कितीही अस्सल असला, तरी आत तयार होणारे औषध त्या प्रशासनाने तपासून मंजूर केलेले नसे. जुलै २०२४मध्ये ह्याच प्रशासनाने इशारा दिला, की अनेक मात्रांच्या कुपीतून सुई भरताना मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट ह्यांचा घोळ होऊन काही रुग्णांनी नेमलेल्या मात्रेच्या पाच ते वीसपट औषध टोचून घेतले आणि त्यांतील काहींना रुग्णालय गाठावे लागले.

पोटात घ्यायच्या मिक्स्चरमधील किंचित न्यूनाधिक्य शरीर पुष्कळदा सोसते; त्वचेखाली टोचायच्या, दोन ते आठ अंश तापमानात जपायच्या, अल्पशा मात्रेपासून महिनोन्‌महिने पायरीपायरीने वाढवायच्या द्रव्याला मात्र निर्जंतुक खोली, शुद्धतेची परीक्षा आणि मोजमापाची काटेकोर शिस्त लागते, जी औषधाच्या सामान्य दुकानात असू शकत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: परवाना हा इमारतीची आणि इसमाची ग्वाही देतो, कुपीतील द्रवाची ग्वाही देण्यास उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत आणि तपासणीचे दफ्तर हवे.

शिवाय स्वस्ताईचा युक्तिवादही आता लंगडा पडला आहे. सेमाग्लुटाइडचा भारतातील पेटंटाचा मक्ता मार्च २०२६मध्ये संपला असून देशी कंपन्यांची, रीतसर परवानगी असलेली औषधे कमी किमतीत उपलब्ध झाली आहेत. तेव्हा चोरवाटेने आलेल्या निनावी कुपीचा किंवा कुणी 'अर्धी अर्धी वाटून घेऊ' म्हणून सिरिंजमध्ये भरून दिलेल्या मात्रेचा मोह धरण्यास कारण उरत नाही.

वाचकांना विनंती एवढीच, की ज्यांना हे औषध खरोखर हवे त्यांनी स्वादुपिंडाचा पूर्वीचा विकार आणि कुटुंबातील थायरॉइडच्या कर्करोगाचा इतिहास डॉक्टरांपुढे मोकळेपणाने मांडून चिठ्ठी घ्यावी, फार्मासिस्ट जातीने हजर असेल अशा दुकानातून मोहोरबंद वेष्टनच घ्यावे आणि बॅच क्रमांक लिहिलेले बिल मागितल्यावाचून पैसे देऊ नयेत.