टायर, राजा आणि एक कारकून

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपण शाळेपासून ऐकतोय. पण हे बळ येतं कुठून? बहुतेक वेळा पैशातून. आणि त्या बळावर कान पिळून पुन्हा पैसाच मिळवला जातो. हे चक्र कसं फिरतं ते पाहायचं असेल, तर बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची गोष्ट वाचावी.

गुलामांचा व्यापार थांबवू, अशी गोड भाषा बोलत याने १८८५ मध्ये आफ्रिकेतला काँगो मिळवला. देशासाठी नव्हे, स्वतःसाठी! बेल्जियमच्या सुमारे ७५ पट मोठा प्रदेश एका माणसाच्या मालकीचा झाला. तिथे तो एकदाही गेला नाही.

१८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. आपल्या दृष्टीने ही इंजिनिअरिंगच्या इतिहासातली एक तारीख. काँगोसाठी मात्र तो शाप ठरला. रबराची मागणी वाढली आणि गावागावाला कोटा ठरला. पुरुष जंगलातून रबर आणेपर्यंत बायका ओलीस. कोटा भरला नाही तर फटके, नाहीतर गोळी. गोळी वाया घालवली नाही याचा पुरावा म्हणून सैनिकाने मेलेल्याचा तोडलेला हात आणून दाखवायचा. जिवंत माणसांचेही हात तुटले. त्या पैशातून ब्रुसेल्समध्ये भव्य वास्तू उभ्या राहिल्या.

गंमत बघा, हाच माणूस बेल्जियममध्ये असा वागू शकत नव्हता. तिथे राज्यघटना होती, संसद होती, वर्तमानपत्रं होती. काँगोत 'का?' विचारणारं कुणीच नव्हतं. म्हणजे नुसता पैसा किंवा नुसती सत्ता जुलूम करत नाही. दोन्ही एका हातात आले आणि हिशोब मागणारा उरला नाही, की जुलूम सुरू होतो.

शेवटी हिशोब मागितला कुणी? एडमंड मोरेल नावाच्या जहाज कंपनीतल्या एका कारकुनाने. काँगोहून जहाजं रबर आणि हस्तिदंत भरून येत, परत जाताना मात्र बहुतेक बंदुका आणि काडतुसं नेत. मालाच्या बदल्यात माल किंवा पैसा जातच नव्हता. आपण मास बॅलन्स करतो ना, अगदी तेच! मोरेलने ओळखलं की ही सक्तमजुरी आहे. १९०१ मध्ये नोकरी सोडून त्याने हे प्रकरण जगापुढे मांडलं. १९०८ मध्ये राजाला काँगो सोडावा लागला. जाण्यापूर्वी त्याने कागदपत्रं जाळून टाकली. जुलमाला कागदाची भीती वाटते ती अशी.

आज जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगोतूनच येतो. तो आपल्या मोबाईलच्या बॅटरीत असतो आणि त्यातला काही माणसांनी हाताने खणलेला असतो. उद्या आपल्यापैकी कुणी परचेस खात्यात बसेल, कुणी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर लिहील. एखादा आकडा जुळत नसेल तर 'हे माझं काम नाही' असं म्हणण्याआधी मोरेलला आठवा.

त्याचंही ते काम नव्हतं.