काळी ज्वारी आणि कोंबडीचे पोट



20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. नवसाच्या बकऱ्या-कोंबड्यांविरुद्ध जन्मभर बोललेल्या बाबांच्या या भूमीत कोंबडीच्या खाद्यावर लिहिताना जरा अवघडल्यासारखे होते. पण आपली भिजलेली ज्वारी शेवटी त्याच खाद्यात जाते आणि तिचा भाव दुसराच कोणी ठरवतो.

आधी गव्हाचे पाहू. युरोपात कोंबडीला मुख्यतः गहूच घालतात. गव्हात डिंकासारखा एक तंतू असतो. तो पोटात भिजला की सगळे चिकट होते, अन्न नीट पचत नाही, विष्ठा पातळ पडते आणि शेडमधला भुसा ओला राहतो. हा दोष गव्हाच्या प्रत्येक खेपेत सारखाही नसतो. मग तिथे गव्हाचा भाव पाडून गप्प बसले का? नाही. तो तंतू तोडणारे झायलनेज नावाचे एन्झाइम शोधले आणि टनामागे चिमूटभर मिसळू लागले. गव्हाच्या दोषाला औषध निघाले. ज्वारीच्या दोषाला मात्र एकच औषध ठाऊक आहे, कडता!

वास्तविक पांढऱ्या ज्वारीत तो चिकटपणा फारसा नाहीच. कोंबडीला बळ देण्यात ती मक्याच्या जवळपास आहे. तिच्याने अंड्याचा बलक फिका होतो, कारण मक्यातला पिवळा रंग तिच्यात नाही. तिच्यातले बरेचसे स्फुरद कोंबडीला पचत नाही, पण तसे ते मक्यातलेही पचत नाही. त्यावर फायटेज हे दुसरे एन्झाइम आहे.

मग व्यापारी ‘टॅनिन’ काढतो. टॅनिन हा तुरट पदार्थ, तो पचन अडवतो हे खरे. पण तो वाणाचा गुण आहे. पाखरे टाळतात त्या काही तांबड्या-तपकिरी ज्वारीत तो भरपूर असतो. 1964 च्या सीएसएच-1 पासून आपण पेरत आलेल्या पांढऱ्या संकरित ज्वारीत तो नगण्य. पावसाने दाणा काळा पडतो, त्याने टॅनिन वाढत नाही. प्रयोगशाळेत कॉस्टिक मिसळलेल्या ब्लीचमध्ये दाणे ठेवले की टॅनिनचे काळे पडतात, बाकीचे पांढरे होतात. अर्ध्या तासाचे काम!

बुरशीचे विष ही मात्र खरी भीती आहे, ती आपणही लपवू नये. 1995 साली दख्खनच्या पठारावरील काही गावांत पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन माणसे पोटदुखी-हगवणीने आजारी पडली होती. एन्झाइमची पुडी हे विष उतरवत नाही. ते दाण्यात किती आहे हे रंगावरून सांगता येत नाही, तपासावेच लागते. ओली कणसे गंजीत दाबून ठेवणे हा तर आपलाच गुन्हा.

2025-26 च्या खरिपासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये आणि मक्याचा 2,400 रुपये जाहीर झाला. म्हणजे हमीभावाची स्वच्छ ज्वारी कोंबडीला कोणी घालणार नाही. हमीभावाच्या निकषात न बसलेली काळी ज्वारीच तिकडे जाते, आणि तिथे मोजमाप काही नाही. अडत्या मूठ उघडतो, तोंड वाकडे करतो, भाव सांगतो.

आमची मागणी साधी आहे. बाजार समितीने ओलावा, टॅनिन आणि बुरशीचे विष मोजून चिठ्ठी द्यावी, आणि कडता कापायचा तर त्या चिठ्ठीवर कापावा. बैठकीला येताना आपल्या ज्वारीचा किलोभर नमुना कोरड्या कापडी पिशवीत आणा, सोबत वाणाचे नाव आणि कापणीची तारीख लिहा.