टक्क्यांचा दाखला आणि रुग्णाची कैफियत

स्नायुक्षयाच्या रुग्णाला सरकारदरबारी जे काही मिळावयाचे, ते बहुतांशी त्याच्या दाखल्यावरील एका आकड्यावर अवलंबून असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत स्नायुक्षयाचा समावेश झाला, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु 40 टक्क्यांची रेषा गाठल्याखेरीज आरक्षणादी सवलतींचे दार उघडत नसल्यामुळे, शरीरात किती उणे आहे याची मोजदाद कसोशीने होते आणि ते उणेपण घेऊन माणूस जगतो कसा, हा प्रश्न मात्र दप्तराबाहेरच राहतो.

वैद्यकातील रूढ मापेही याच वळणाची आहेत. ‘हात वर धरा, मी दाबतो, खाली येऊ देऊ नका,’ असे म्हणून डॉक्टर शून्य ते पाच यांपैकी एक अंक लिहितात. तीन म्हणजे हात आपला भार पेलून वर जातो, पण वरून दाब पडताच टिकत नाही. या अंकावाचून रोगाची गती कळणार नाही, हे खरेच. तथापि स्नायू लवकर थकविणाऱ्या मायस्थेनिया या विकाराचा जो रुग्ण सकाळी बाह्यरुग्ण विभागात जवळजवळ पुरे गुण मिळवतो, त्याच्या पापण्या संध्याकाळी मिटू लागतात आणि घास चावता चावता जबडा थकतो, तेव्हा ते पाहावयास घरच्यांवाचून कोणी नसते. ड्यूशेन प्रकारचा स्नायुक्षय असलेल्या मुलांना सहा मिनिटे चालावयास लावून अंतर मोजणारी चाचणी तर, मूल चाकाच्या खुर्चीत बसले की निरुपयोगीच ठरते. जणू त्यानंतरच्या आयुष्यात मोजण्याजोगे काही उरतच नाही.

ही उणीव ओळखून इंग्लंडमधील संशोधकांनी 2007 साली खास स्नायुविकारांसाठी ‘आयएनक्यूओएल’ नावाची प्रश्नावली सिद्ध केली. अशक्तपणा, वेदना, थकवा यांबरोबरच स्वावलंबन, नातेसंबंध, मनःस्थिती आणि स्वतःच्या देहाविषयीची भावना यांचा ती परामर्श घेते. तिचा खरा विशेष असा की, अमुक गोष्टीत अडचण किती, एवढे विचारून न थांबता, ती गोष्ट तुम्हांला महत्त्वाची किती, हेही ती विचारते. जिना चढता न येण्याचे एखाद्या स्त्रीला फारसे वाटत नसेल, पण स्वतःची वेणी स्वतः घालता येत नाही याची खंत तिला रोज सकाळी जाळीत असेल. हा तारतम्याचा निवाडा तिच्यावाचून दुसऱ्या कोणी का करावा? आईबापांनीही नव्हे, कारण मुले स्वतःच्या जीवनाला जे गुण देतात त्याहून त्यांचे पालक बहुधा कमी देतात, असे ड्यूशेनविषयक अभ्यासांत आढळून आले आहे.

यावर एक हरकत घेतली जाते, आणि ती पोकळ नाही. माणूस दुःखालाही सरावतो. तेव्हा रुग्ण ‘मी समाधानी आहे’ म्हणाला, तर ‘मग याला मदतनीस कशाला?’ असे म्हणावयास काटकसरी खजिनदार मोकळा झाला, असे का होणार नाही? होईल, आणि म्हणूनच ही कैफियत टक्केवारीची जागा घेण्यासाठी नव्हे, तर तिच्या शेजारी नोंदली जावी. हक्क किती, हे देहाच्या अवस्थेवरून ठरावे. मदत कोणती आणि कोठे हवी, हे रुग्णाच्या जबाबावरून.

ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्नायुक्षय असलेल्या एका विद्यार्थ्याला वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग मोकळा करून दिला, तेव्हा आकड्यापलीकडे जाऊन उमेदवाराची प्रत्यक्ष कार्यक्षमता पाहावी, असेच मूल्यमापन मंडळांना बजावले. आता शासनाने पुढचे पाऊल टाकून, प्रत्येक तपासणीच्या वेळी सोप्या मराठीतील अशी प्रश्नावली भरून घेण्याची तजवीज करावी. आप्तांना घटकाभर बाहेर बसवावे, लिहिता येत नसेल त्याचे उत्तर तो सांगेल तसे लिहून घ्यावे, आणि त्या उत्तराला दाखल्याइतकेच दप्तरी मोल द्यावे. यास खर्च फारसा नाही. रुग्णाचे म्हणणे पुरावा म्हणून स्वीकारण्याची तयारी तेवढी हवी.