शब्द आपला, उच्चार साहेबाचा!

जालन्यात सायंकाळी बाहेर पडावे, तर हातगाड्यांवर ‘चायनीज’च्या पाट्या झळकताना दिसतात. नूडल्स कोणी खाव्यात वा खाऊ नयेत, याविषयी आमचे काही म्हणणे नाही. आक्षेप आहे तो शब्दावर. ‘चायनीज’ म्हटले की सुधारलेपण आणि ‘चिनी’ म्हटले की गावंढळपण, अशी आपल्या आंग्लाळलेल्या सुशिक्षितांची समजूत झाली आहे.

वस्तुस्थिती काय आहे? ‘चायना’ हे नाव इंग्रजांनी घडविलेले नाही. चिनी लोकही आपल्या देशाला ‘चुंगक्वो’, म्हणजे मध्यदेश, म्हणतात. ‘चीन’ हे नाव महाभारतात आहे, मनुस्मृतीत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चीनपट्ट आहे, कालिदासाच्या शाकुंतलात चीनांशुक आहे. संस्कृतातून फारसीत, तेथून पोर्तुगीजांच्या तोंडी आणि १६ व्या शतकात इंग्रजीत, असा या शब्दाचा प्रवास झाला. त्याच्या मुळाशी प्राचीन छिन राज्याचे नाव असावे, असे मत मार्टिनी नामक जेझुइट मिशनऱ्याने १६५५ मध्ये मांडले. पुष्कळ विद्वान ते आजही मानतात. असेना का! पश्चिमेकडे तो शब्द पोहोचला तो संस्कृतच्या द्वारे. आणि चीनांशुक म्हणजे तरी काय? रेशमी वस्त्र. ज्या जालन्यात २०१८ मध्ये राज्यातील पहिली रेशीमकोष बाजारपेठ सुरू झाली, त्या जालन्याला तरी हा शब्द परका वाटू नये.

नावात काय आहे, असे म्हणणाऱ्यांनी बीजिंगकडे पाहावे. अरुणाचल प्रदेशातील ६ ठिकाणांना त्या राजवटीने २०१७ मध्ये स्वतःची नावे दिली; २०२१ मध्ये १५, २०२३ मध्ये ११, २०२४ मध्ये ३०. आधी नाव द्यायचे, मग त्या नावाने हक्क सांगायचा, हा त्यांचा डाव आहे. भारताने तो प्रत्येक वेळी फेटाळला.

आणि आपण काय करतो? पूर्वांचलातून आलेल्या आपल्याच बांधवाचा चेहरा पाहून ‘ए चिनी!’ अशी हाक मारतो. बीजिंगचा खोटा दावा भर रस्त्यात आपणच उच्चारतो! २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याची अशीच टवाळी झाली, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा जीव गेला. ही लाज केवळ दिल्लीची नव्हे.

तेव्हा जालन्याच्या गाडीवाल्यांनी पाटीवर खुशाल ‘चिनी’ लिहावे, आणि आपल्या घरांतील मुलांनी तो शब्द त्या पाटीपुरताच वापरावा. अरुणाचलचा तरुण भेटला, तर त्याला त्याचे नाव विचारावे.