खिशांत मावणारें पिस्तूल

वॉशिंग्टन शहरांतील फोर्ड नाट्यगृहाच्या संग्रहालयांत एक लहानसें पिस्तूल ठेविलेलें आहे. लांबी सुमारें ६ इंच. मूठ मिटली तर निम्मेंअधिक झांकून जाईल. ता. १४ एप्रिल १८६५ च्या रात्रीं, नाटक रंगांत आलें असतां, जॉन विल्क्स बूथ नामक नटानें हेंच पिस्तूल राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या मस्तकामागें रोखून झाडलें, आणि दुसरे दिवशीं सकाळीं त्या थोर पुरुषाची प्राणज्योत मालवली. एवढ्याशा यंत्रांत एवढें घातक सामर्थ्य कसें सांठविलेलें असे, तें आज पाहूं.

पूर्वीच्या पिस्तुलास गारेचा चाप असे. घोड्याच्या तोंडांतील गार पोलादावर आदळे, ठिणगी बाहेरच्या पात्रांतील दारूवर पडे, आणि ती पेटल्यावर मग आंतला बार उडे. पावसांत ही दारू भिजे. शिवाय आधीं झळक आणि मागाहून बार, असा क्रम असल्यामुळें पाणपक्षी सावध होत. स्कॉटलंडांतील बेलहेल्वी येथील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ हे शिकारीचे शौकीन. त्यांना ही अडचण जाणवली, आणि आघातानें पेटणाऱ्या द्रव्यावर चालणाऱ्या चापाचें पेटंट त्यांनीं १८०७ सालीं मिळविलें. पुढें तांब्याची चिमुकली टोपी निघाली. तिच्या तळाशीं अशा स्फोटक द्रव्याचा पातळ थर असे. हिलाच आपल्याकडील जुने शिकारी ‘केप’ म्हणत. केपामुळें बाहेरचें पात्र गेलें, यंत्र आटोपशीर झालें, आणि पिस्तूल खिशांत अधिक सहज मावूं लागलें.

बूथच्या हातचें पिस्तूल फिलाडेल्फियाचे कारागीर हेन्री डेरिंजर यांच्या घडणीचें होतें. आंखूड नळी, पक्ष्याच्या चोंचीसारखा वळलेला लांकडी दस्ता, वर घोडा, आणि नळीच्या मागच्या अंगास एक पोकळ खुंटी, अशी त्याची रचना. भरण्याची रीत ठासणीच्या बंदुकीचीच. घोडा अर्धा चढवून अडकवावयाचा. नळीच्या तोंडांतून मोजकी दारू ओतावयाची. चिंधींत गुंडाळलेली शिशाची गोळी गजानें दारूवर घट्ट बसवावयाची. दारू आणि गोळी यांत पोकळी राहिली तर नळीच फुटण्याचें भय! केप मात्र सर्वांत शेवटीं खुंटीवर चढवीत, कारण ती चढली कीं शस्त्र जागें झालें. घोडा पूर्ण मागें ओढून चाप दाबला, म्हणजे घोडा केपावर आदळे आणि खुंटीच्या छिद्रांतून ज्वाळा आंतील दारूस भिडे.

इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या कारागिरांनीं दुसरी युक्ति योजिली. त्यांच्या अनेक पिस्तुलांची नळीच किल्लीनें फिरवून काढतां येई. मागील कोठींत दारू भरून, तिच्या तोंडावर गोळी ठेवून, नळी पुन्हां आंवळीत. गोळी नळीहून किंचित् मोठी असल्यामुळें ती खिशांतल्या खिशांत घरंगळत नसे, आणि गजाचीहि गरज उरत नसे. कित्येकांचा चाप घडीचा असे. घोडा चढवितांच तो खालीं उतरे, म्हणून वस्त्रांत अडकत नसे.

परंतु अशा एकनळी पिस्तुलांत बार एकच. बूथनेंहि तो उडतांच पिस्तूल टाकून दिलें, आणि अडवावयास धांवलेल्या मेजर रॅथबोन यांच्यावर सुरा चालविला. आत्मरक्षणासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या या खेळण्याएवढ्या वस्तूनें एका राष्ट्राचा कर्णधार हिरावून नेला, हें विसरतां येत नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या वाड्याच्या माळ्यावर वा आजोबांच्या पेटींत एखादें ठासणीचें शस्त्र निघालें, तर ‘जुनेंच तें, काय होणार?’ असें म्हणून मुलांच्या हातीं देऊं नये. कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनींहि पेटूं शकते, आणि नळींत बार आहे कीं नाहीं हें बाहेरून दिसत नाहीं. घोड्याला हात न लावितां, तोंड कोणाकडेहि न वळवितां, तें जागच्या जागीं ठेवावें आणि पोलिसांस वर्दी द्यावी. गंज चढला म्हणून शस्त्र निजलें असें समजूं नये.