डाव्या अंगठ्याची शाई

२०१८ साली २७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांच्या उजव्या दंडाला सुई आणि डाव्या अंगठ्याच्या नखावर शाईची खूण. व्हॉट्सअॅपवरच्या अफवांना तोंड देता देता आशाताईंचा घसा बसला.

तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगतच्या बपेऱ्यात हे दिवस धानाच्या कापणी-मळणीचे. अंगावर बारीक लाल पुरळ उठले, जराशी कणकण आली, तर बांधीतली बाई म्हणणार, धानाची कुसळे लागली असतील. विळा काही खाली ठेवणार नाही. रुबेलाचा कावा नेमका इथे आहे. तीनेक दिवसांत पुरळ जाते. कित्येकींना ते उठतही नाही. पण तिला दुसरा-तिसरा महिना असेल, तर विषाणू वारेतून गर्भापर्यंत जातो आणि डोळे, कान, हृदय घडत असतानाच घाव घालतो. गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला लागण झाली, तर ती गर्भाला होण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. तान्ह्यांना मोतीबिंदू कसा, या कोड्याचा माग काढत १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग आयांच्या या विसरलेल्या पुरळापर्यंत पोहोचले. तोवर वैद्यकही या आजाराला किरकोळच समजत होते.

‘पोराला कशाला टोचता, तो काय बाळंत होणार आहे?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उत्तर मात्र द्यायला हवे. ही लस गरोदरपणात देता येत नाही. जिला आधी लस मिळाली नाही आणि आजारही येऊन गेला नाही, त्या वहिनीचे बाळ मग शाळेतून घरी येणाऱ्या दिराच्या दंडावर अवलंबून राहते.

आणि हे काम अर्धवट करून चालत नाही. ग्रीसमध्ये १९७५च्या सुमारास लस आली, पण निम्म्या मुलांपर्यंतही पोहोचली नाही. विषाणूचा फिरण्याचा वेग मंदावला, बालपणी टळलेली लागण ऐन तरुणपणी गाठू लागली आणि १९९३च्या साथीनंतर जन्मजात रुबेलाची बाळे जन्मली. लसच नसती तर बरे, असे म्हणायची पाळी!

आता लस नियमित वेळापत्रकात आहे. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. या दोहोंच्या मध्ये घर कामासाठी हलले, तर बाळासोबत लसीकरणाचे कार्डही गाठोड्यात गेले का, एवढे आशाताईंनी निघण्याआधी विचारावे.